काजळीबाईंच्या घरातून नाहीशी झालेली खुर्ची

काजळीबाईंचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं, आणि ते ओळखपत्र बाई फक्त जळालेल्या दुकानांच्या मालकांना दाखवत. बाकी सगळं जग त्यांना काजळीबाई म्हणे. विमा कंपनीत त्या आगीच्या दाव्यांची तपासणी करत. गोदाम जळालं की राख पुरती निवायच्या आत बाई तिथे हजर. पायात रबरी बूट, हातात टॉर्च, आणि चेहऱ्यावर असा भाव की मालकाला वाटावं, आपलं एवढं जळालं त्याचं या बाईला वाईट वाटत नाहीये, फार तर नवल वाटतंय. मालकाचा तो अंदाज बहुधा बरोबर असे.

नोकरीभर बाईंनी दोनच गोष्टींवर विश्वास ठेवला. पहिली अशी, की लावलेली आग लागायच्या आधी मालकाच्या जिवाभावाच्या वस्तू घराबाहेर पडतात. कापडाचं अख्खं दुकान खाक होतं, पण भिंतीवरचा वडिलांचा फोटो नेमका आदल्या आठवड्यात काच बदलायला गेलेला असतो. एकदा तर दुकानातलं मांजरही मालकाच्या मेहुण्याकडे मुक्कामाला गेलेलं निघालं होतं. बाईंनी तेवढ्यावरून दावा फेटाळला आणि मांजराला भेटून आल्या.

दुसरी गोष्ट अशी, की जे दिसलं ते बोलायचं नाही. बोललं की समोरचा सावध होतो. न बोललं की तो अस्वस्थ होतो, आणि अस्वस्थ माणूस हळूहळू आपणच बोलायला लागतो. आपण फक्त मूग गिळून बसायचं. या नियमाने बाईंनी कंपनीला पुष्कळ दाव्यांतून वाचवलं आणि याच नियमाने संसारही केला. संसारात समोरचा माणूस अस्वस्थ होऊन बोलेलच असं नाही, तो नुसताच अस्वस्थ राहू शकतो, ही शक्यता त्यांच्या ध्यानात आली नव्हती. कंपनीच्या प्रशिक्षणात तो भाग नव्हता.

बाईंच्या नवऱ्याचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान होतं. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. लग्नाआधी बाई त्यांच्याकडे चष्मा करायला गेल्या होत्या. त्यांनी बाईंचे डोळे तपासले, बाईंनी त्यांना तपासलं, आणि दोन्ही तपासण्यांचा निकाल समाधानकारक लागला. मूलबाळ झालं नाही. दोघांच्या घरात दोघांच्याच वस्तू राहिल्या आणि त्या वर्षानुवर्षं जिथल्या तिथे राहिल्या.

बाई निवृत्त झाल्या त्याच सुमाराला चष्मेवाल्यांनीही दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि एका सकाळी, चहाच्या कपात बघत, सांगितलं, "मी विद्यापीठात नाव घातलंय. एम.ए.ला."

"कशात?"

"बौद्ध तत्त्वज्ञान."

बाईंनी नेहमीप्रमाणे थोडा वेळ जाऊ दिला. चष्मेवाले अस्वस्थ झाले आणि बोलू लागले.

"आयुष्यभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासल्या गं. दिसणं म्हणजे नक्की काय होतं, ते एकदा बघावं म्हणतो. या मंडळींनी त्यावर फार खोलात विचार केलाय."

कारण छान होतं. इतकं छान कारण बाईंनी याआधी फक्त गोदाममालकांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांच्या मनात पाल चुकचुकली, पण त्या म्हणाल्या एवढंच, "डबा लागेल का?"

पहिलं वर्ष तसं बरं गेलं. चष्मेवाले रोज काहीतरी नवं घेऊन येत. जगातली प्रत्येक वस्तू क्षणाक्षणाला नष्ट होते आणि तिच्या जागी तिच्यासारखीच दुसरी उभी राहते, हे त्यांना फार पटलं. विशेषतः इस्त्रीचे कपडे आणायचे राहिल्यावर.

"अगं, कबूल कालच्या मी केलं होतं. आजचा मी वेगळा."

"बरं. मग जेवायला कालच्यांनाच बोलवा. ताट त्यांच्यासाठी केलंय."

"तसं नसतं ते. एक सलग धारा असते."

"मग त्या धारेतून इस्त्रीवाल्याकडे जाऊन या."

चष्मेवाले हसत हसत जात. घरात पूर्वी इतकी बडबड नव्हती. बाईंना ती आवडत होती, आणि आवडते म्हणूनच त्यांना तिचा संशय येत होता.

दुसऱ्या वर्षी बडबड थांबली. चष्मेवाले लघुप्रबंधाच्या कामाला लागले. विषय काय, असं विचारल्यावर "अजून नक्की नाही" म्हणाले. माणूस खोटं बोलताना चष्मा पुसतो. हे चष्मेवाले तर हातात चष्मा नसतानाही पुसत होते.

आणि मग घरातल्या वस्तू जायला लागल्या.

आधी गेला शूहॉर्न. बूट चढवायचा, दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेला, पितळी, टोकाला थोडा वाकलेला. सकाळी होता, संध्याकाळी खिळा मोकळा. बाईंनी खिळ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि भाजी चिरायला घेतली. चष्मेवाले त्यांच्याकडे बघत होते. फार निरखून. गिऱ्हाईकाला फळ्यावरची शेवटची ओळ वाचता येते का, हे बघावं तसं.

काही दिवसांनी छत्री गेली. मग बैठकीतलं पाय ठेवायचं स्टूल. मग त्यांचा राखाडी कोट, जो त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत घेतला होता आणि ज्याच्या कोपरांना बाईंनी चामड्याचे तुकडे लावले होते. मग जिन्यातल्या भिंतीवरचं घड्याळ. प्रत्येक वेळी चष्मेवाले त्या दिवशी घरभर बाईंच्या मागेमागे राहत, पेपर वाचल्यासारखं करत, आणि रात्री जरा खिन्न होऊन झोपत. बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. घड्याळाची जागा भिंतीवर फिकट गोल होऊन उरली होती. त्या गोलासमोरून बाई दिवसातून कितीदा जात, पण नजर कशी ती त्याच्याकडे वळू दिली नाही.

एकदा चष्मेवाल्यांनी स्वतःच खडा टाकून बघितला.

"किती वाजले असतील गं?"

बाईंनी जिन्याकडे मान न वळवता मनगट पुढे केलं. "पावणेसात."

चष्मेवाले "हं" म्हणाले. त्या हुंकारात इतकं काही होतं, की एखाद्या गोदामाचा मालक असता तर बाईंनी तिथेच पंचनामा केला असता.

मनातली जुळणी मात्र पुरी झाली होती. जिवाभावाच्या वस्तू घराबाहेर पडत होत्या. आता फक्त आग लागायची राहिली होती.

धाकटी बहीण जवळच राहायची. तिला बाईंनी शेवटी सांगितलं, कारण बहिणीला काही सांगणं हे बाईंच्या हिशेबी बोलणं नव्हतं, नोंद होती.

"ताई, बाई असणार कोणीतरी," बहीण लगेच म्हणाली. तिला मालिका बघायची सवय होती.

"नाही. ते असतं तर दिसलं असतं. कोट हुंगला मी जायच्या आधी. जुन्या पुस्तकांचा वास होता."

"मग विद्यापीठातलीच असेल. चष्मा लावणारी."

"चष्मा लावणाऱ्या हजारो बायका त्यांनी बघितल्यात. त्यांना त्यात नवीन काय?"

बहिणीने थोडा विचार केला आणि जे म्हणाली ते बाईंच्या काळजात रुतून बसलं. "हे बघ ताई, मी काही शिकलेली नाही. पण भाऊजी जो विषय शिकतायत ना, त्याची सुरुवातच एका माणसाने बायको झोपलेली असताना घर सोडण्यापासून होते. हे तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. तुझ्या नाही कसं लक्षात आलं?"

त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली. जिन्यावर खुट्ट झालं तरी त्या जाग्या होत. शेजारी चष्मेवाले पालथ्या तळहातावर गाल ठेवून झोपलेले असत, संसार सोडायला निघालेल्या माणसाला मुळीच शोभणार नाही असे घोरत. पण बाईंना त्या घोरण्याचाही भरवसा उरला नव्हता.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी करताना त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना पकडलं होतं. कपाटावरची तपकिरी बॅग काढली, तिच्यात आईच्या बांगड्या, दोन चांगल्या साड्या आणि लग्नातला एकमेव बरा आलेला फोटो घातला, आणि चष्मेवाले ग्रंथालयात असताना ती बहिणीकडे नेऊन ठेवली. माणूस निघून गेला तर रिकाम्या घरात आपल्याला राहवणार नाही, निदान बॅग तरी तयार असावी. परत येताना त्यांना ते मांजर आठवलं आणि फार अपमान झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी आरामखुर्ची गेली.

खुर्ची म्हणजे हद्द झाली. वेताची, लाकडी हातांची, खिडकीपाशी ठेवलेली. चष्मेवाल्यांच्या पाठीचा खळगा तिच्यात पडला होता. पुतण्याने टेम्पो आणल्याच्या खुणा फाटकापाशी मातीत होत्या. एवढी खुर्ची घराबाहेर गेली आणि चष्मेवाले त्या रिकाम्या जागेशेजारी स्वयंपाकघरातलं बाक ओढून त्यावर बसून बाईंकडे केविलवाणेपणाने बघत राहिले. बाईंनी त्या मोकळ्या जागेत शांतपणे झाडू मारला. रात्री चष्मेवाल्यांनी जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

आणखी एक आठवडा गेला आणि गुरुवार आला. गुरुवारी चष्मेवाले पुतण्याला हिशेबात मदत करायला दुकानावर जात. बाईंनी जुनी कातडी पर्स घेतली, सपाट बूट घातले आणि विद्यापीठाची बस पकडली. अशा जागी कोण शिकवतं, काय शिकवतं आणि शिकलेली माणसं पुढे कुठे जातात, हे त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं.

बौद्ध तत्त्वज्ञान विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. जिना संपतो आणि गच्चीचं दार लागतं, त्यांच्या मधली जी जागा, तीत तो बसवला होता. विभागात शिकवणारी माणसं दोन. एक विभागप्रमुख आणि दुसऱ्या पाली शिकवणाऱ्या मॅडम. दोघांच्या टेबलांच्या मधोमध एक लोखंडी कपाट उभं होतं आणि त्यावर दोन कुलपं होती. 'मी' आणि 'माझं' ही कल्पना सगळ्या दुःखाचं मूळ आहे, यावर त्या दोघांचं एकमत होतं. कपाट कोणाचं, यावर नव्हतं. त्यामुळे गेली काही वर्षं ते एकमेकांशी फक्त चपराशामार्फत बोलत होते.

बाईंनी दोन्ही कुलपं बघितली आणि छातीवरचं ओझं थोडं हललं. इथे शिकून माणूस कशाचा त्याग करेल, याची शक्यता त्यांना फार कमी वाटली.

विभागप्रमुखांनी बाईंना बघितलं आणि त्यांच्या छातीवर ओझं आलं. छोटे विभाग बंद करण्यासाठी वरून कोणीतरी तपासणीला येणार, अशी कुजबुज वर्षभर चालू होती. ते कोणीतरी न सांगता येणार, साध्या वेशात येणार, असंही ठरलेलं होतं. कोणी ठरवलं होतं ते माहीत नव्हतं. आणि दारात सपाट बुटांची, कातडी पर्सची, कपाटाची दोन कुलपं मोजणारी बाई उभी होती.

"आपण?"

"मी फक्त ऐकायला आले. वर्गात मागे बसेन."

विभागप्रमुखांना घाम फुटला. स्वखुशीने मागे बसून ऐकायला माणूस येतो, हे त्यांच्या अनुभवात कुठेच बसत नव्हतं.

"हो हो. अवश्य. चहा?"

"नको. विद्यार्थी किती?"

"पटावर... तसे... आज दोन आहेत. पण गुणवत्ता बघा आपण!"

वर्गात खरंच दोघं होते. एक दातांची डॉक्टर, दवाखाना सुरू व्हायच्या आधी येणारी तरुण मुलगी. दुसरे मोटार शिकवण्याच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, ज्यांचा उजवा पाय अजूनही अधूनमधून नसलेला ब्रेक दाबत असे. बाई मागच्या बाकावर बसल्या.

"आज अनुपलब्धी," विभागप्रमुख एरवीपेक्षा मोठ्याने म्हणाले. "एखादी वस्तू नाही, हे आपल्याला कसं कळतं? डोंगरावर धूर दिसला, तर आग आहे असं आपण ओळखतो. तो सोपा भाग."

बाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. हा सोपा भाग करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

"पण 'या टेबलावर घडा नाही' हे कशावरून? 'नाही' तर डोळ्याला दिसत नाही. बौद्ध तार्किक म्हणतात, घडा ही दिसण्याजोगी वस्तू आहे. तो इथे असता तर दिसलाच असता. दिसत नाही, म्हणून नाही. आता टेबलावर पिशाच्च आहे का? सांगता येणार नाही. पिशाच्च दिसण्याजोगं नसतंच. त्याच्या न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कळलं?"

"म्हणजे असेल पण," मास्तर टेबलाकडे बघत म्हणाले.

"असो. पण आमचा विभाग जुन्या घड्याला धरून बसलेला नाही!" विभागप्रमुखांनी मागच्या बाकाकडे एक चोरटी नजर टाकली. "आमचं संशोधन प्रत्यक्ष जीवनाशी जोडलेलं आहे. आमचे एक ज्येष्ठ विद्यार्थी, आज ते आले नाहीत, त्यांनी चालत्या घरात प्रयोग केलाय. घरातली एकेक वस्तू ते गुपचूप बाहेर नेतात. आणि त्या वस्तूचं नसणं पत्नीला कधी कळतं, ते बघतात."

बाईंचा पर्सच्या बंदावरचा हात घट्ट झाला.

"छत्री नेली. पत्नी गप्प. कोट, घड्याळ. गप्प. आता तर म्हणे आरामखुर्ची नेली. पत्नीने त्या जागी झाडू मारला!"

मास्तर खो खो हसले. "भाग्यवान माणूस! आमची ही तर न नेलेल्या वस्तूंबद्दलही विचारते."

"सर," दातांची डॉक्टर म्हणाली, "त्यांना दिसलं असेल, पण बोलल्या नसतील."

"पत्नी? दिसलं आणि बोलली नाही?" विभागप्रमुखांनी मान हलवली. "उदाहरण असंभव आहे."

"असंभव कसं? माझ्याकडे दाढ किडलेली माणसं येतात. वर्षभर ठणकत असते. बोलत नाहीत."

"का नाही बोलत?"

"भीती वाटते ना सर. बोललं की काढावी लागेल."

विभागप्रमुखांना हा फाटा नको होता. ते घाईने पुढे म्हणाले, "निष्कर्ष ऐका. आमचे विद्यार्थी लिहितात, की खुर्ची दिसण्याजोगी आहे, पत्नीचे डोळे उत्तम आहेत, ते त्यांनी स्वतः तपासलेले आहेत. तरी तिला खुर्चीचं नसणं कळत नाही. अर्थ एकच. त्या घरात खुर्चीला, आणि ओघाने खुर्चीत बसणाऱ्याला, दिसण्याजोगं म्हणायला जागा उरलेली नाही. तो पिशाच्चाच्या कोटीत गेला. वाक्य जरा हळवं झालंय, मी खूण करून ठेवलीय. पण तर्क पक्का आहे."

मास्तरांचा पाय ब्रेकवर पडला.

जळालेल्या दुकानांत बाईंनी पुष्कळ काही बघितलं होतं. पण आपल्याच घराचा जळका सांगाडा, कोणा परक्याने छडी टेकवत दाखवावा, असं कधी झालं नव्हतं. रात्री खिन्न होऊन झोपणारा तो माणूस घर सोडायची तयारी करत नव्हता. तो रोज वाट बघत होता, की हिने एकदा म्हणावं, अहो, तुमचा कोट कुठे गेला. आणि त्यांनी काय केलं? मनगट पुढे केलं. पावणेसात.

"आपलं काय मत?" विभागप्रमुखांनी आदबीने विचारलं.

बाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण चाळीसेक वर्षांची सवय आधी पुढे झाली.

"प्रयोग संपला का?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ. एक वस्तू बाकी आहे. मी म्हटलं त्यांना, आता पुरे, पण ते ऐकेनात. आज संध्याकाळी करणार आहेत."

"कोणती वस्तू?"

"ते स्वतः. आज जेवायच्या वेळेला घरी जाणार नाहीत. पत्नी शोधायला येते का, ते बघणार."

बाई उठल्या. जाताना त्यांनी कपाटाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "डावीकडचं कुलूप नुसतंच लटकवलंय. लागलेलं नाही." विभागप्रमुख पांढरे पडले. डावीकडचं कुलूप त्यांचं होतं.

घरी येऊन बाईंनी स्वयंपाक केला. दोन ताटं घेतली. जेवायची वेळ झाली, आणि त्या खुर्चीच्या मोकळ्या जागेसमोर बसून राहिल्या. आता सगळं माहीत होतं आणि तरीही उठवत नव्हतं. संशयिताच्या मागे धावायचं नाही, त्याला येऊ द्यायचं, हे अंगात इतकं मुरलं होतं. आणि शिवाय एक नवीच शंका डोकं वर काढत होती. विभागप्रमुखांना सांगितलं ते खरं कशावरून? घर सोडणाऱ्या माणसाला प्रयोग हे निमित्त काय वाईट आहे? एकदा जेवायला न येण्याची सवय झाली की... बाईंनी स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली, ताटं झाकली आणि चपला घातल्या. पायात काही सरकवताना शूहॉर्नची आठवण आली. चपलेला तो लागत नाही, पण आली.

दुकान अजून उघडं होतं. पुतण्या काउंटरवर एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होता. काकूला बघून त्याने घाईघाईने मागच्या खोलीच्या पडद्याकडे बघितलं आणि मग अजिबात तिकडे न बघितल्यासारखं केलं. बाई थेट पडदा सारून आत गेल्या.

आत आरामखुर्ची होती. खुर्चीत चष्मेवाले होते. पाय स्टुलावर, अंगात राखाडी कोट, शेजारी छत्री टेकवलेली, वर भिंतीवर घड्याळ. आपल्याच घराचा एक कोपरा कापून कोणीतरी इथे आणून ठेवावा, तसं ते सगळं दिसत होतं. फक्त त्या कोपऱ्यातल्या माणसाचे डोळे लाल होते.

बाई दारातच थांबल्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे दिसलं ते बोलल्या.

"घड्याळ मागे पडलंय."

चष्मेवाले उठायला गेले आणि स्टुलात अडखळून परत बसले. "तू... तुला कळलं? मी आलो नाही ते?"

"न कळायला काय झालं? दोन ताटं वाढून बसले होते."

"मग हे? हे कळलं नव्हतं?" त्यांनी हात फिरवून सगळी खोली दाखवली.

"आधी शूहॉर्न. मग छत्री, स्टूल, कोट, घड्याळ, खुर्ची. कोट नेलात त्या दिवशी तुम्हाला सर्दी होती."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. या वेळी तो खरोखर हातात होता. "अगं मग बोलली का नाहीस? एवढे दिवस मी... मला वाटलं, या बाईच्या लेखी मी घरात असलो काय आणि नसलो काय."

"मला वाटलं, तुम्ही घर सोडताय."

"मी?"

"वस्तू बाहेर पडायला लागल्या की पुढे काय होतं, हे मी तुम्हाला शिकवायचं का? त्यात विषय हा असा. धाकटी म्हणाली, त्याची सुरुवातच तशी होते."

"अगं, मला घरची उशी नसली तर झोप लागत नाही. मी कुठे जाणार?"

बाहेर काउंटरवरून पुतण्याचा आवाज येईनासा झाला होता. आजोबांचाही. बाईंनी पडदा नीट ओढून घेतला.

"विचारायचं होतंस," चष्मेवाले जरा चढ्या आवाजात म्हणाले. "साधं विचारायचं. अहो, खुर्ची कुठे गेली?"

"तुम्ही सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर प्रयोग कसा झाला असता?"

"मग झाला ना प्रयोग. घ्या."

चष्मेवाल्यांच्या लघुप्रबंधाचा शेवटचा भाग त्यांच्या डोळ्यांसमोर पान पान करून गळत होता. पण चेहऱ्यावर जे होतं, ते त्याचं दुःख नव्हतं. बाईंनी नीट बघितलं. माणूस आणखी काहीतरी दाबून बसला होता. त्यांनी जुन्या सवयीने वाट बघितली.

"बॅग कुठे आहे?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"कुठली बॅग?"

"तपकिरी. कपाटावरची. ती मी नेलेली नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. कपाटावर धुळीत चौकोन पडला होता. तुझ्या आईच्या बांगड्यांचा कप्पा बघितला, तो रिकामा." त्यांनी चष्मा परत लावला. "तेव्हा मनात आलं, ही चाललीय. म्हणूनच हिला घड्याळ दिसलं नाही, पुढे खुर्चीही दिसली नाही. जी माणसं निघालेली असतात, ती खुर्च्या बघत नाहीत."

"आणि विचारलं का नाहीत?"

चष्मेवाले छत्रीची मूठ उगाच फिरवत राहिले. बाईंना सकाळची दातांची डॉक्टर आठवली. बोललं की काढावी लागेल. एवढे सगळे डोळे तपासलेला हा माणूस, घरातली गेलेली बॅग बघून, ठणकणारी दाढ धरून बसल्यासारखा बसला होता आणि त्यांच्याच मागे पेपर घेऊन फिरत होता.

"धाकटीकडे आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर त्या घरात मला राहवलं नसतं, म्हणून."

"मी गेलो तर?"

"हो. मग काय, तुमच्या घड्याळाच्या गोलाकडे बघत बसू?"

चष्मेवाले हसायला लागले. हसता हसता त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले, तेही नेमके चामड्याच्या तुकड्याने, आणि बाई म्हणाल्या, "अहो, ते खरखरीत आहे," आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

घड्याळ बाईंनी काखेत मारलं, छत्री चष्मेवाल्यांनी घेतली, आणि वाटेत बहिणीच्या दारात थांबून बॅग घेतली. बहिणीने भाऊजींना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि बॅग देता देता विचारलं, "ताई, नक्की ना? की ठेवू अजून थोडे दिवस?" बाईंनी बॅग ओढून घेतली. खुर्ची दुसऱ्या दिवशी टेम्पोने आली. झाकलेली ताटं त्या रात्री गार जेवली गेली आणि चष्मेवाल्यांनी दोनदा वाढून घेतलं.

लघुप्रबंधाचा शेवट चष्मेवाल्यांना नव्याने लिहावा लागला. माणूस बोलला नाही, यावरून त्याला दिसलं नाही असं म्हणता येत नाही, असं त्यात आता आहे, आणि प्रयोगकर्त्याने स्वतः एक बॅग बघून तोंड मिटून घेतल्याचंही आहे. विभागप्रमुखांनी त्या वाक्यालाही हळवं म्हणून खूण केली, पण राहू दिलं. त्या वर्षी विभाग बंद झाला नाही. तपासणीला कोणी आलंच नाही, असं कार्यालय म्हणतं. विभागप्रमुखांचा त्यावर काडीचाही विश्वास नाही. ती बाई आली होती, मागच्या बाकावर बसली होती आणि जाताना कुलपाची सूचना देऊन गेली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. कपाटाला त्यांनी नवीन कुलूप आणलं. पालीच्या मॅडमनी लगेच त्याहून मोठं आणलं.

घरी आता दिसलं ते बोलायचं, असं ठरलेलं आहे. पहिल्याच महिन्यात बाईंनी इतकं काही बोलून दाखवलं, त्यातलं काही तर लग्नाच्या पहिल्या वर्षातलं, की चष्मेवाले एकदा कळवळून म्हणाले, "अगं, हे सगळं तुला दिसत होतं?" आणि त्यानंतर दोन दिवस ते बाईंकडे वेगळ्याच नजरेने बघत होते, बाजूने, चहाच्या कपाआडून. आणखी काय काय दिसलं असेल हिला, असं.

शूहॉर्न मात्र अजून आलेला नाही. दुकानातच ठेवला होता, असं चष्मेवाले सांगतात, आणि ते सांगताना चष्म्याला हात लावत नाहीत. पुतण्या म्हणतो, त्याने बघितलाच नाही. बाई दर गुरुवारी दुकानावर एक चक्कर टाकतात आणि आधी त्याच्या बुटांकडे बघतात.